पायाच्या मापाची सायकल

सांबऱ्याचे नाव आज दूरदूरच्या लोकांस ठाऊक झाले आहे ते विमानतळामुळे. बेळगावचे विमान येथे उतरते आणि उतरलेले प्रवासी मोटारीत बसून दहा किलोमीटरांवरील शहराकडे निघून जातात. परंतु त्याच रस्त्याच्या कडेने, मुतगा, निलजी आणि बसवण कुडची ह्या गावांवरून, सकाळ-संध्याकाळ आणखीही एक वाहन जात असते. त्याचा आवाज होत नाही व त्याला तेल लागत नाही, म्हणून त्याची कोणी दखल घेत नाही. ते म्हणजे सायकल. मोटारसायकली घरोघर आल्या हे खरे. तरीही शाळेत जाणारी मुले, कामावर जाणारे मजूर आणि आमच्यासारखे सेवानिवृत्त म्हातारे ह्यांना अद्याप सायकलीचाच आधार आहे.

वाचकहो, ह्या आठवड्यात सायकल आणि पायांचे दुखणे ह्यांविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. त्याला कारण आमचीच एक चूक आहे, आणि ती आधी कबूल केलेली बरी.

गेल्या पावसाळ्यात एका वाचक भगिनीने ह्याच सदराकडे विचारणा केली होती, की शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलीचे पाय रात्री फार दुखतात, तर काय करावे? आम्ही उत्तर दिले, की पाय कोमट मिठाच्या पाण्यात बुडवावेत, तिळाचे तेल चोळावे, दूध द्यावे आणि वाढत्या वयात असे चालायचेच. सल्ला अपायकारक नव्हता. तथापि तो देताना आम्ही एक प्रश्न विचारावयास हवा होता आणि तो आम्ही विचारला नाही. मुलगी कोणती सायकल चालवते, हा तो प्रश्न.

ह्या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस कळले ते पुढे दोन घटनांवरून. एक आमच्या स्वतःच्या गुडघ्याची आणि दुसरी शेजारच्या वस्तीवरील एका मुलीची.

आमचा उजवा गुडघा दिवाळीनंतर दुखू लागला. वाटीच्या पुढील बाजूस कळ येई. जिना चढताना ती वाढे आणि मिस्सेला गुडघे टेकताना तर डोळ्यांसमोर तारे चमकत. साठी उलटलेली असल्यामुळे, हा वयाचा धर्म आहे असे आम्ही मानून चाललो. सायकल विकून टाकावी, असा विचारही मनात येऊन गेला. बेळगावला एका डॉक्टरांना गुडघा दाखविला, तेव्हा त्यांनी तो नीट तपासला आणि मग अनपेक्षितपणे विचारले, ‘मास्तर, इथपर्यंत आलात कसे?’ सायकलने आलो असे सांगताच ते म्हणाले, ‘मग सायकल दाखवा.’ दवाखान्याच्या दारात उभे राहून त्यांनी आम्हांस सीटवर बसावयास लावले. आमचे दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले होते आणि त्याचा आम्हांस अभिमान होता. डॉक्टर हसले. ‘सीट खाली आहे, म्हणून गुडघा दुखतो आहे,’ एवढेच ते बोलले.

रोग्याला त्याचे काम कोणते हे विचारावे, ही गोष्ट वैद्यकात नवी नाही. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्नही असला पाहिजे, असे त्याने त्यात आग्रहाने सांगितले. रामाझ्झिनीच्या काळी सायकल नव्हती. ती असती, तर त्याने सीटची उंचीही विचारली असती, असे आम्हांस वाटते.

आता दुसरी घटना. सांबऱ्यापासून चारएक किलोमीटर आत एका शेतवस्तीवर एक कुटुंब राहते. मुलगी नववीत आहे. बसचा प्रवास मुलींना २०२३ सालापासून विनामूल्य झाला, परंतु बस वस्तीपर्यंत येत नाही; म्हणून मोठ्या भावाची सायकल तिच्याकडे आली. काही महिन्यांतच तिचे पाय दुखू लागले. कळ गुडघ्याच्या मागील बाजूस, लवणीत येई आणि कमरही भरून येई. तिचे वडील एके दिवशी आम्हांस भेटले आणि म्हणाले, ‘मास्तर, पोरीच्या पायांत जोरच नाही हो. रात्रभर कण्हते. शाळा बंद करावी म्हणतो. घरी आईला मदत करील.’

हे ऐकून आम्ही चपापलो. गेल्या पावसाळ्यातील ते पत्र ह्याच घरातून आले होते, हे आम्हांस त्या क्षणी समजले. आमच्या सांगण्याप्रमाणे तेल आणि मिठाचे पाणी चालूच होते. त्याने रात्री बरे वाटे, सकाळी मुलगी पुन्हा त्याच सायकलीवर बसे आणि संध्याकाळी दुखणे पुन्हा हजर होई. एका मुलीची शाळा सुटण्याची वेळ आली होती आणि त्यात आमच्या अपुऱ्या सल्ल्याचाही वाटा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून तिला जाताना मागून पाहिले. पायडल खाली जाई तसतशी ती कमरेतून त्या बाजूस कलंडे. उजवे पायडल खाली गेले की उजवीकडे, डावे गेले की डावीकडे. पाऊल पायडलवर पुरत नव्हते, म्हणून बोटांच्या टोकांनी ती ते कसेबसे ढकलीत होती. आमची सीट फार खाली होती; तिची फार वर होती.

येथे मौजेची गोष्ट अशी, की दोन्ही सायकली एकाच मापाच्या निघाल्या. दोन्हींची फ्रेम २२ इंची आणि दोन्हींची सीट अगदी खाली बसविलेली. पायडल सर्वांत खाली आणून सीटच्या माथ्यापासून पायडलपर्यंत आम्ही फीत लावली, तेव्हा दोन्हीकडे ८२ सेंटिमीटर भरले. तेच ८२ सेंटिमीटर आम्हांस अपुरे होते आणि त्या मुलीला जास्त होते.

मग बरोबर किती? ह्याचा एक साधा हिशेब आहे. हॅम्ले आणि थॉमस ह्या दोन इंग्रज संशोधकांनी १९६७ साली ह्या विषयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायाची आतील लांबी घ्यावी, तिच्या १०९ टक्के इतके अंतर सीटचा माथा आणि खाली गेलेले पायडल ह्यांच्यामध्ये असावे, असे त्यांस आढळले. म्हणजे १०० सेंटिमीटरांमागे १०९. आतील लांबी घरच्या घरी मोजता येते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहावे. जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक दोन्ही पायांच्या मधे धरून, सीटवर बसल्यासारखे घट्ट वर दाबावे, त्याची वरची कड भिंतीवर पेन्सिलीने खुणावी आणि तेथून जमिनीपर्यंत मोजावे. मुलींचे माप आईने किंवा बहिणीने घ्यावे.

आमची लांबी ८० भरली; म्हणजे आम्हांस ८७ सेंटिमीटर पाहिजे होते. आम्ही पाच सेंटिमीटर खाली बसत होतो. मुलीची लांबी ७० भरली. तिला ७६ पुरे होते. ती सहा सेंटिमीटर उंच बसत होती. तिच्या भावाची लांबी मोजली तर ती ७५ भरली. त्याला ८२ हे माप नेमके बसत होते! सायकल चांगलीच होती, पायही चांगलेच होते. एकाची वस्तू दुसऱ्याच्या अंगावर चढविली होती, एवढाच दोष.

थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालताना आई बाह्या दुमडते आणि खालची किनार वर शिवते. सायकल मात्र आपण आहे तशी पुढच्याच्या हाती देतो आणि पाय दुखले की पायांना दोष देतो. कर्नाटक सरकारने २००६-०७ सालापासून सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या आणि त्यांतील पुष्कळ सायकली आजही गावोगाव चालताना दिसतात. त्या देणगीमुळे कित्येक मुली शाळेत टिकल्या, हे विसरता येणार नाही. परंतु आठवीच्या एकाच वर्गात एक मुलगी साडेचार फूट उंच असते तर दुसरी सव्वापाच फूट. एकाच आकाराची सायकल दोघींना सारखी कशी बसावी? सीट वरखाली करणे, हे काम घरच्यांनीच करावयाचे असते.

मापाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडून पाहू. आपल्याकडील साध्या सायकलीचे पायडल एकदा पुरते फिरले की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे सांबऱ्याहून बेळगावला पोहोचेपर्यंत प्रत्येक पाय सुमारे १,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. जाऊन-येऊन ३,६०० वेळा. सायकलीवर पाऊल एकाच जागी आणि गुडघा एकाच रेषेत राहतो. चालताना आपण कधी लांब टाकतो, कधी आखूड, कधी खड्डा चुकवितो. त्यामुळे चुकीचा भार एकाच ठिकाणी साचत नाही. सायकलीवर अर्ध्या बोटाची चूक दिवसाला हजारो वेळा त्याच सांध्यावर, त्याच शिरेवर पडत राहते. थेंबे थेंबे तळे साचे, तसे दुखणेही साचते.

पूर्वीच्या कारागिरांना हे चांगले माहीत होते. आजच्या घाटाची सायकल येण्यापूर्वी पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकले चाक अशी सायकल असे. तिची पायडले पुढच्या चाकालाच जोडलेली असत. त्यामुळे चाकाचा आकार स्वाराच्या पायाच्या लांबीवरून ठरवावा लागे. पाय मोजल्याविना सायकल निवडताच येत नसे. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली ह्या इंग्रज कारखानदाराने दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. ती सर्वांना वापरता येऊ लागली, हा मोठाच लाभ झाला. मात्र त्याबरोबर पाय मोजण्याची सक्ती संपली आणि हळूहळू पाय मोजावयाचा असतो ह्याचाही विसर पडला.

जे लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरतात, त्यांना हा विसर परवडत नाही. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची सायकल शर्यत होते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन ह्यांनी २०१५ साली ती जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ ह्यांनी ती एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पार पाडली. असे स्वार सीट, पायडल आणि बूट बोटाबोटाने मोजून घेतल्यावाचून रस्त्यावर उतरत नाहीत. जी काळजी शूरांना लागते, ती शाळेच्या मुलीला का नसावी? तिचा पल्ला लहान आहे, पण तो तिला रोज गाठावयाचा आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. फीत नसली तरी अडत नाही. सायकल भिंतीशी टेकवून, नेहमीची पादत्राणे घालून सीटवर सरळ बसावे. एक पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर पाऊल न ठेवता टाच ठेवावी. कंबर न कलता गुडघा जेमतेम सरळ झाला, तर उंची योग्य. टाच पोहोचत नसेल तर सीट वर आहे. टाच ठेवूनही गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे. मग पाऊल जागेवर घेतले की गुडघ्यात आपोआप थोडी वाक राहते, आणि तेवढी पाहिजेच.

पाऊल पायडलवर कोठे ठेवावे? पुष्कळ लोक तळपायाच्या मधल्या खोलगट भागाने पायडल दाबतात. त्याने घोट्याला काम राहत नाही आणि सारा भार गुडघा व मांडी ह्यांवर पडतो. चवड्यावर उभे राहिले असता पाऊल जेथे दुमडते, तो अंगठ्याच्या मागील रुंद भाग पायडलच्या मध्यावर आला पाहिजे. पाऊल किती आत-बाहेर वळवावे, हे मात्र ज्याच्या त्याच्या पायावर सोपवावे. कोणाचे पाऊल चालताना सरळ पडते, कोणाचे थोडे बाहेर वळते. जसे चालण्यात पडते तसेच पायडलवर पडू द्यावे. ओढून-ताणून सरळ केले तर गुडघा पिळला जातो.

सीट पुढे-मागेही सरकते, हे बहुतेकांना माहीत नसते. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा मागून आणावा, किंवा दोरीला एक नट बांधावा. दोन्ही पायडले जमिनीला समांतर आणावीत आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या मध्याजवळ पडला म्हणजे सीट साधारण ठीक आहे असे समजावे. फार पुढे पडत असेल तर सीट जरा मागे सरकवावी. हा काही अचूक नियम नव्हे. परंतु आरंभ करण्यास तो पुरेसा आहे.

पादत्राणांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. सैल चप्पल घालून सायकल चालविताना ती निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात आणि त्याने पिंढरीत गोळे येतात. तळवा फार मऊ असला तर पायडलची धार तळपायाला टोचते आणि बोटांना मुंग्या येतात. उन्हात व श्रमाने पाऊल थोडे सुजते, म्हणून सकाळी घट्ट बसणारा बूट दुपारी चावतो. टणक तळव्याचे, बोटांना जागा देणारे आणि मागून टाच धरून ठेवणारे पादत्राण बरे. मग ते स्वस्तातले का असेना.

दुखणे कोठे आहे ह्यावरून दोष बहुधा ओळखता येतो. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर प्रथम सीट खाली आहे का ते पाहावे. गुडघा फार वाकलेला असताना जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते, त्यामुळे ही कळ येते. गुडघ्याच्या मागे दुखत असेल आणि कंबर झुलत असेल तर सीट वर आहे. आतील किंवा बाहेरील बाजूस दुखत असेल तर पावलाचे वळण तपासावे, आणि त्याबरोबर पायडलही. सायकल पडली की पायडलचा दांडा किंचित वाकतो, ते डोळ्यांना दिसत नाही. पण हाताने पायडल फिरविले की ते लंगडताना दिसते. असे वाकडे पायडल प्रत्येक फेरीला पाऊल तिरपे करते. क्रँकची कॉटर पिन ढिली झाली तरी हेच होते. दुरुस्तीचा खर्च थोडा असतो. न केल्याचा खर्च गुडघा देतो.

कित्येकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित आखूड असतो आणि आयुष्यभर त्यांना ते ठाऊक नसते. एकाच बाजूला सतत दुखत असेल आणि सायकलीत दोष सापडत नसेल, तर डॉक्टरांकडून दोन्ही पाय मोजून घ्यावेत.

आमच्या सायकलीची सीट उंच करण्यासाठी आम्ही गावातील मिस्त्रीकडे गेलो, तेव्हा तो म्हणाला, ‘मास्तर, मी सीट वर घेतली की लोक दुसऱ्या दिवशी भांडायला येतात. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणतात. म्हणून मी सगळ्यांचीच खाली ठेवतो.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सीट योग्य उंचीवर असली तर बसल्या जागेवरून फक्त चवडा टेकतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर ठेवावा लागतो. ही सवय आठ दिवसांत होते. ज्यांना ती भीती जातच नाही, अशा वृद्धांनी व नवशिक्यांनी सीट मापापेक्षा बोटभर खाली ठेवावी. पडून हाड मोडण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

आणखी एक सावधगिरी. सीट एकदम पाच सेंटिमीटर वर घेऊ नये. स्नायूंना जुन्या मापाची सवय झालेली असते आणि एकदम बदल केला तर नवेच दुखणे उभे राहते. आम्ही दर चार दिवसांनी अर्धा सेंटिमीटर सीट वर घेत गेलो. दहा वेळा मिळून चाळीस दिवस झाले, आणि योगायोगाने ते उपवासकाळाचेच चाळीस दिवस होते. सीटचा दांडा मात्र फ्रेमच्या नळीत चार बोटे तरी आत राहिला पाहिजे, नाहीतर तो खड्ड्यात मोडतो.

चढावर आणि वाऱ्यातही विवेक ठेवावा. पावसाळ्यात सांबऱ्याहून बेळगावकडे निघाले की पश्चिमेचा वारा सरळ तोंडावर येतो. साध्या सायकलीला गियर नसतात, म्हणून स्वार उभा राहून अंगाचा सारा भार पायडलवर टाकतो. मागे दुधाचा कॅन किंवा गोणी असली तर विचारूच नका. अशा वेळी खाली उतरून चार पावले चालण्यात कसली लाज? गुडघा वाचतो आणि वेळही फारसा जात नाही.

तथापि प्रत्येक दुखणे सायकलीचे नसते, हेही बजावून सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही दुसरी चूक करू. गुडघा सुजला, लाल व गरम झाला, झोपेत दुखून जाग येऊ लागली किंवा मूल लंगडू लागले, तर फीत बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. एकाच पायाची पिंढरी अचानक सुजून गरम झाली तर त्याच दिवशी जावे. वाढत्या वयातील मुलांना वाटीच्या खाली हाडावर दुखरा उंचवटा येतो. त्याला विश्रांती आणि तपासणी पाहिजे. मधुमेह असलेल्यांच्या पायांना मुंग्या येत असतील, तर तो दोष चपलेवर ढकलू नये.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना ऐकावयाचे असेल. तिच्या सायकलीची सीट आधीच तळाला टेकलेली असल्यामुळे खाली घेण्यास जागाच नव्हती. मिस्त्रीच्या दुकानामागे २० इंची फ्रेमची एक जुनी लेडीज सायकल गंजत पडली होती. तिला नवे पायडल, नवी साखळी आणि दोन टायर घातले. सीट ७६ सेंटिमीटरांवर कसली आणि भावाची सायकल भावाला परत गेली. पहिल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, की पाय अजून दुखतात. आमचा जीव थोडा झाला. तिसऱ्या आठवड्यात तिची आई म्हणाली, की रात्री तेलाची वाटी मागावयाची ती विसरली. वडिलांनी शाळा बंद करण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही, आणि आम्हीही त्यांना तिची आठवण करून दिली नाही.

आमचा गुडघा पुरता बरा झाला असे म्हणवत नाही. साठीचा गुडघा तो साठीचाच. परंतु जिना चढताना आता कळ येत नाही आणि रविवारी बेळगावच्या कँपापर्यंत आम्ही सायकलनेच जातो.

दुखणाऱ्या अवयवालाच दोषी धरावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. मुलीचे पाय दुखतात म्हणजे मुलगी दुबळी आणि म्हाताऱ्याचे दुखतात म्हणजे म्हातारा संपला, असे आपण चटकन ठरवून टाकतो. पाय बिचारे बोलत नाहीत, ते फक्त दुखतात. त्यांना काय सांगावयाचे आहे, हे आपण पाहिले पाहिजे. येत्या रविवारी जेवण झाल्यावर घरातील एक फीत, एक पाना आणि एक जाड पुस्तक घेऊन अंगणात या आणि ज्याच्या त्याच्या पायाला ज्याची त्याची सायकल लावून पाहा. मुलांची मापे दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, कारण मुले वाढतात आणि सायकल वाढत नाही.

गेल्या वर्षीच्या उत्तरात जे लिहावयाचे राहून गेले, ते हे. त्या भगिनीची आम्ही क्षमा मागतो.